मारबत आणि कार्निव्हल : लकडगंजातून दिसणारी जर्मन जत्रा

१/
जर्मन भाषेच्या सुरुवातीच्या वर्गांत एक प्रश्न हमखास येतो : आपल्या शहरातील एखाद्या सणाचे वर्णन करा. नागपूरचे विद्यार्थी बहुधा दिवाळी सांगतात, कारण दिवे, मिठाई, नवे कपडे यांचे शब्द पाठ झालेले असतात. मात्र लकडगंजात राहून जर्मन शिकणाऱ्याच्या घराजवळून, इतवारी-बुधवारीच्या गल्ल्यांतून, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जी मिरवणूक निघते, ती कोलोनच्या माणसाला दिवाळीहून लवकर उमगेल. नागपूरची मारबत आणि जर्मनीतील जत्रा व कार्निव्हल यांत साम्य काय आहे, आणि त्या साम्यात कोणता धोका दडलेला आहे, याचा हा धागा.

२/
प्रारंभ शब्दांपासून करू. 'गंज' हा फारसी शब्द. मूळ अर्थ खजिना, कोठार. पुढे धान्याचा किंवा मालाचा बाजार. लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार. शेजारची इतवारी आणि बुधवारी ही नावे आठवडी बाजारांच्या वारांवरून आलेली. जर्मन विद्यार्थ्याच्या शब्दसंग्रहात हीच विभागणी असते : आठवड्याच्या बाजाराला 'वोखनमार्क्ट' आणि वर्षातून एकदा भरणाऱ्या बाजाराला 'यारमार्क्ट'. पाठ्यपुस्तकातील यारमार्क्टच्या चित्रात आकाशपाळणा, भाजलेले बदाम आणि नेमबाजीचे दुकान असते. विदर्भातील कोणत्याही मुलाला ते चित्र समजावून सांगावे लागत नाही.

३/
आता 'मेस्से' हा शब्द पाहा. आज त्याचा अर्थ व्यापारी प्रदर्शन. फ्रांकफुर्टचा जगप्रसिद्ध ग्रंथमेळा म्हणजे 'बूखमेस्से'. परंतु मुळात हा लॅटिन 'मिस्सा', म्हणजे चर्चमधील उपासना. संतांच्या सणाला मिस्सेसाठी माणसे जमत; जमलेल्या माणसांपाशी व्यापारी येत; पुढे व्यापारालाच मेस्से म्हणू लागले. सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२४० मध्ये फ्रांकफुर्टच्या मेळ्याला जाणाऱ्या व्यापाऱ्यांना संरक्षण दिले. लाइप्झिगच्या मेळ्याला १४९७ मध्ये सम्राट माक्सिमिलियनने विशेषाधिकार दिले. गावच्या जत्रेला 'किर्मेस' म्हणतात. तो 'किर्खमेस्से', म्हणजे चर्चची मिस्सा, याचाच झिजलेला उच्चार. आणि आपली 'जत्रा' म्हणजे झिजलेली 'यात्रा'. दोन्हीकडे देव आधी आला, दुकान नंतर.

४/
याहून सुंदर जोडी दुसरी आहे. 'उरूस' हा अरबी शब्द. मूळ अर्थ विवाह. सूफी परंपरेत संताचा मृत्यू हे ईश्वराशी मीलन मानले जाते, म्हणून पुण्यतिथीच्या उत्सवाला विवाहाचे नाव मिळाले. नागपूरकरांना ताजबागेतील ताजुद्दीन बाबांचा उरूस सांगायला नको. जर्मनमध्ये प्रवास नेमका उलट झाला. 'होख्त्साइट' म्हणजे शब्दशः उच्च काळ. मध्ययुगात कोणत्याही मोठ्या सणाला होख्त्साइट म्हणत. आज त्याचा अर्थ केवळ विवाह. एका भाषेत लग्नाची जत्रा झाली, दुसरीत जत्रेचे लग्न.

५/
आणि जर्मनीतील सर्वांत गाजलेली जत्रा लग्नातूनच जन्मली. १२ ऑक्टोबर १८१० रोजी बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या तेरेझा यांचा म्युनिकमध्ये विवाह झाला; १७ तारखेला नगराबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत झाली. तो माळ आजही तेरेझाच्याच नावाने ओळखला जातो. बव्हेरिया १८०६ मध्ये नेपोलियनच्या आश्रयाने नुकतेच 'राज्य' झाले होते, अनेक नवे प्रदेश त्यात जोडले गेले होते. या विखुरलेल्या प्रजेला एका माळावर, एका राजासमोर उभे करणे ही राजकीय गरज होती. १८११ पासून कृषी प्रदर्शन जोडले गेले. बिअरचे प्रचंड तंबू फार नंतरचे. ऑक्टोबरफेस्ट ही वरून खाली आलेली जत्रा होय.

६/
दुसरा प्रकार खालून वर जाणारा. ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो. त्याआधीचे दिवस खाण्यापिण्याचे, सोंगांचे आणि उलट्या जगाचे : नोकर मालक होतो, पुरुष स्त्री होतो, मूर्ख राजा होतो. गोव्याच्या कार्निव्हलमुळे ही प्रथा आपल्याला अगदीच अपरिचित नाही. ऱ्हाइन नदीकाठच्या कोलोन, माइन्झ, ड्युसेलडॉर्फ या नगरांत तिला वेगळे वळण मिळाले. तेथे हसणे हे सत्तेशी बोलण्याचे साधन झाले.

७/
१७९४ मध्ये क्रांतिकारक फ्रान्सच्या सैन्याने कोलोन घेतले आणि या मुक्त नगराचे शतकांचे स्वातंत्र्य संपले. फ्रेंच गेले, तर १८१५ मध्ये प्रशिया आली. प्रशियाचे राज्यकर्ते प्रॉटेस्टंट आणि लष्करी शिस्तीचे. कोलोन कॅथलिक आणि व्यापारी. १८२३ मध्ये नगरातील प्रतिष्ठितांनी समिती नेमून विस्कळीत कार्निव्हलला रूप दिले आणि १० फेब्रुवारीला पहिली संघटित मिरवणूक काढली. ती सोमवारी निघते, म्हणून तिला 'रोझनमोन्टाग' म्हणतात. मिरवणुकीचा नायक होता 'वीर कार्निव्हल', विदूषकांचा राजा. त्याच वर्षीपासून 'लाल ठिणग्या' नावाची सोंगाड्यांची पलटण आली. ती नगराच्या जुन्या शिपायांची थट्टा करीत लष्करी बाण्यालाच हसत असे.

८/
हे हसू निरुपद्रवी राहिले नाही. १८४४ मध्ये फ्रान्झ राव्हो याने प्रतिष्ठितांच्या समितीशी फारकत घेऊन सामान्यांसाठी खुले असे दुसरे कार्निव्हल मंडळ स्थापन केले. चार वर्षांनी क्रांती झाली, तेव्हा हाच राव्हो फ्रांकफुर्टच्या राष्ट्रीय सभेत लोकशाहीवादी प्रतिनिधी म्हणून बसला. स्त्रियांचा अध्याय त्याहून आधीचा. बॉनसमोरच्या बॉयल गावात कपडे धुणाऱ्या स्त्रियांनी १८२४ मध्ये स्वतःची समिती काढली. नवरे कार्निव्हलला जाऊन मौज करीत आणि बायका त्यांचे कपडे धूत. त्याविरुद्धचे हे बंड. आजही कार्निव्हलच्या गुरुवारी स्त्रिया भेटेल त्या पुरुषाचा गळपट्टा कातरतात.

९/
आता कोलोनमधील शेवटची रात्र. कार्निव्हलभर मद्यगृहांच्या दारावर गवताचा एक पुतळा टांगलेला असतो : 'नुबेल'. मंगळवारी मध्यरात्री त्याची खोटी अंत्ययात्रा निघते. कोणी पुरोहिताचे सोंग घेतो, बाकीचे रडण्याचे. मग आरोपपत्र वाचले जाते : पैसे कोणी उडवले? नुबेलने. घरी उशीर कोणामुळे? नुबेलमुळे. संघ सामना हरला? नुबेल दोषी. नंतर पुतळा जाळतात आणि वर्षाचा हिशेब मिटतो. जर्मनमध्ये दुसऱ्याचे पाप वाहणाऱ्याला 'पापाचा बोकड' म्हणतात. बायबलमधील विधीत समाजाची पापे बोकडावर लादून त्याला वस्तीबाहेर हाकलत, त्यावरून हा शब्द आला. मराठीतील 'बळीचा बकरा' त्याच्या शेजारीच उभा राहतो.

१०/
येथे नागपूरकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न. परक्या भाषेचा विद्यार्थी जत्रेत गेला, तर त्याने पाहावे कसे? याचे उत्तम उदाहरण उलट दिशेच्या प्रवासात आहे. ग्युंटर-डिट्झ सोन्थायमर (१९३४–१९९२) हे जर्मन अभ्यासक मुळात कायद्याचे; हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्यावर त्यांचे संशोधन. मराठी शिकल्यावर ते ग्रंथालयातून माळावर आले. धनगरांचे तळ, बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्या जत्रा, पंढरीची वारी अशी त्यांची पुढची वाट. धनगरांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा-म्हसकोबा-खंडोबांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. हायडेलबर्गमध्ये शिकवीत असतानाही त्यांचे मन जेजुरीच्या वाटेवर असे.

११/
सोन्थायमरांच्या कामातून एक पद्धत हाती लागते. जत्रेत लोक काय सांगतात ते आधी त्यांच्या भाषेत, पूर्ण ऐकावे. मग लिखित पुरावा काय सांगतो ते पाहावे. दोन्ही जुळले नाहीत, तर एकाला खोटे ठरवून मोकळे होऊ नये. ते का जुळत नाहीत हाच इतिहासाचा प्रश्न समजावा. ही कसोटी मारबतीला लावून पाहू.

१२/
पोळ्याला पूर्व विदर्भात दारांवर पळसाच्या फांद्या लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या काढून गावाच्या शिवेबाहेर नेतात आणि इडापिडा, रोगराई, किडे-मुंग्या सारे मारबतीसोबत जावे असा घोष करतात. पावसाळ्याच्या अखेरीस ताप, खोकला, पिकांवरील कीड यांचा जोर असतो. त्यांना हद्दपार करण्याचा हा विधी. मारबत म्हणजे कृष्णाला विष पाजायला आलेली पूतना, असेही सांगतात. नागपुरात याच दिवशी मुले लाकडी बैल सजवून तान्हा पोळा साजरा करतात. खेड्यातील फांदीच्या जागी शहरात बांबू, कागद आणि कापडाची अवाढव्य स्त्री-प्रतिमा आली.

१३/
काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून सांगितली जाते. जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासून. म्हणजे लोकमान्य टिळकांच्या सार्वजनिक गणेशोत्सवाहून, १८९३ हून, या मिरवणुका जुन्या. काळ लक्षात घ्यावा. रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात पोहोचली होती, टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली होती. भोसल्यांची राजधानी ब्रिटिशांच्या मध्य प्रांताचे मुख्यालय बनली होती. जुन्या शहरातील विणकर, तेली, कारागीर यांना रस्ता आपला म्हणून वापरता येईल असा वर्षातील हा एक दिवस. पिवळ्या मारबतीकडे लोक रक्षणकर्ती म्हणून पाहतात, स्त्रिया तिची पूजा करतात. काळी ही वाईटाची मूर्ती. दोघींची भेट इतवारी परिसरात होते आणि तिथे मुंगीला वाट मिळत नाही.

१४/
मारबतीमागून निघतात बडगे. हे पुरुष-पुतळे, आणि त्यांचा विषय दरवर्षी नवा : महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, साथी, दहशतवाद, पुढारी. गळ्यात पाटी, पाटीवर झोंबणारा मजकूर. शेवटी शहराबाहेर दहन. ड्युसेलडॉर्फच्या रोझनमोन्टागला याक टिली या कलाकाराचे रथ याच कामासाठी प्रसिद्ध आहेत : लाकडी पट्ट्या, तारेची जाळी, कागदाचा लगदा आणि वर जगातील कोणत्याही सत्ताधीशाचा हास्यास्पद चेहरा. ते रथ सोमवारच्या सकाळपर्यंत गुप्त ठेवले जातात. साहित्य सारखे, हेतू सारखा. टिलीचा रथ आणि बुधवारीतला बडगा हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्कीच.

१५/
येथवर साम्य सुखद आहे. आता अवघड भाग. काळी मारबत कोणाची? नागपुरात सांगितले जाते : बाकाबाई भोसले यांची. भोसले घराण्यातील या राणीने इंग्रजांशी हातमिळवणी केली, राज्य गमावले, म्हणून लोकांनी तिची मारबत काढली. ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली आहे आणि तिच्यामागची जखम खरी आहे. पद्धतीचा पहिला अर्धा भाग झाला. आता लिखित पुरावा.

१६/
बाकाबाई या रघूजी भोसले दुसरे यांच्या पत्नी. १८१६ मध्ये रघूजी वारले. वारस परसोजी दुर्बल. सत्ता आप्पासाहेबांनी घेतली आणि १८१६ मध्येच इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढे तेच इंग्रजांवर उलटले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरले. १८१८ मध्ये पदच्युत झाले. इंग्रजांनी रघूजी तिसरे या बालकाला गादीवर बसवले आणि बाकाबाईंना पालक केले. प्रत्यक्ष कारभार रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सच्या हाती होता. ११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी तिसरे निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. वाड्यातील जडजवाहीर लिलावात गेले. त्याविरुद्ध दाद मागणाऱ्या राजस्त्रियांमध्ये बाकाबाई होत्या.

१७/
मग ठपका आला कोठून? १८५७ मधून. जूनमध्ये नागपुरातील उठावाचा बेत फसला आणि वृद्ध बाकाबाईंनी आपल्या लोकांना इंग्रजांविरुद्ध न जाण्याची ताकीद दिली. हे खरे आहे आणि लोकांनी ते विसरायला नकार दिला. पुढल्या वर्षी, १८५८ मध्ये, त्या वारल्या. काळी मारबत १८८१ ची, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. तह आप्पासाहेबांचा, कारभार जेन्किन्सचा, खालसा करण्याचा हुकूम डलहौसीचा. पुतळा मात्र बाकाबाईंचा. साहेबाचा पुतळा जाळणे वसाहतीच्या राज्यात महागात पडले असते. दिवंगत स्त्रीच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. शिवाय पूतनेमुळे मारबतीचा साचा आधीच स्त्रीचा होता. बाकाबाईंची कथा त्या साच्यात अलगद बसली असावी.

१८/
पुतळ्याला चेहरा लागतो आणि समाज बहुधा जवळचा, दुबळा चेहरा निवडतो. हे नागपूरचे वैगुण्य नाही. १९३४ मध्ये, नाझी सत्तेच्या दुसऱ्या वर्षी, कोलोनच्या रोझनमोन्टागमध्ये एक रथ निघाला. त्यावर पुरुषांनी धर्मनिष्ठ ज्यूंची सोंगे घेतली होती आणि पाटीचा आशय होता : शेवटचे निघून चालले. रस्त्याकडेला लोक हसले. शंभर वर्षे सत्तेला हसणारी मिरवणूक त्या दिवशी सत्तेच्या बाजूने शेजाऱ्याला हसली. पुढल्या वर्षी कार्निव्हल मंडळांनी नाझी संघटनेच्या ताब्यात जाण्यास विरोध केला. पण तो आपल्या मंडळांच्या स्वायत्ततेसाठी होता, ज्यू शेजाऱ्यांसाठी नव्हता.

१९/
अपवाद होते. कार्ल क्युपर हा कोलोनचा विनोदी वक्ता. नाझी सलामीसाठी हात उंचावून तो म्हणे की आमच्या तळघरात घाण एवढी साचली आहे. १९३९ मध्ये त्याच्यावर भाषणबंदी आली. ऑक्टोबर १९४१ पासून कोलोनच्या ज्यूंना पूर्वेकडे धाडण्यास प्रारंभ झाला. गाडीत चढवण्यापूर्वी त्यांना नदीपलीकडच्या डॉइट्झ भागात एकत्र केले जाई. ती जागा होती मेस्सेची, म्हणजे प्रदर्शनाची सभागृहे. मिस्सेपासून मेळ्यापर्यंत आलेला तो शब्द या जागेवरही लिहिलेला होता. भाषेच्या विद्यार्थ्याने शब्दाचा हा मुक्कामही नोंदवावा.

२०/
मग मारबत काढू नये काय? असा निष्कर्ष घाईचा ठरेल. वर्षातून एकदा रोगराई, महागाई आणि उर्मट सत्ता यांना शहराबाहेर ओढत नेण्याचा हक्क नागपूरच्या गल्ल्यांनी स्वतः मिळवला आहे, आणि असा हक्क सहज मिळत नाही. फरक पाहायचा तो एवढाच : पुतळा वर पाहून केला आहे की खाली पाहून? ज्याला उत्तर देता येते त्याचा आहे, की ज्याच्या बाजूने बोलायला कोणी उरलेले नाही त्याचा? महागाईचा बडगा पहिल्या प्रकारचा. १९३४ चा रथ दुसऱ्या प्रकारचा. बाकाबाईंची काळी मारबत या दोहोंच्या मध्ये कोठेतरी उभी आहे आणि म्हणूनच तिचा इतिहास मिरवणुकीइतक्याच मोठ्या आवाजात सांगितला गेला पाहिजे.

२१/
तेव्हा लकडगंजातील विद्यार्थ्याला वर्गात सणाचा प्रश्न आला, तर दिवाळी बाजूला ठेवून त्याने खुशाल मारबत सांगावी. शब्द फार लागत नाहीत : रस्ता, पुतळा, ढोल, हसणे, आग. जर्मन परीक्षक विचारील, म्हणजे नुबेलसारखे? होय म्हणावे. आणि त्याने पुढे विचारले की ती काळी स्त्री कोण, तर थांबून, भूतकाळाची रूपे नीट जुळवून, दोन वाक्ये सांगावीत : लोक तिला अमुक म्हणतात, कागदपत्रे तमुक सांगतात. व्याकरणाच्या गुणांपलीकडचे उत्तर ते हेच.

(धागा समाप्त. आपल्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, होळीला किंवा जत्रेत कोणाचा पुतळा निघतो आणि त्याची कोणती कथा सांगतात, ते खाली अवश्य नोंदवावे.)